तुमच्या माहेरची रीत

मालवण
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. भार्गवी हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक. दोडामार्गास यंदा केळी वानरांच्या आधी तुमच्या हाती लागली असतील, अशी आशा.

तुझ्या थोरल्या बहिणीविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवतो. एक नारळ किती वेळा पिळावा, याला आमच्या घरी शास्त्राधार उरलेला नाही. पहिला रस आमटीत, दुसरा सोलकढीत, तिसरा भातात. इथवर मी गप्प होतो. काल तोच खवलेल्या नारळाचा चव चौथ्यांदा पिळला. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी! आता सोलकढीतून वाटीचा तळ दिसतो. वाटी स्वच्छ घासली आहे एवढे कळते, हाच लाभ.

बाकी यशोदेच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. आठळ्या, केळफूल, कुळथाची पिठी, एवढ्यावर ती आठवडा काढते. जूनपासून शाळेत संस्कृत घेणारी मुले उरली नाहीत, म्हणून मीही उरलो नाही. तेव्हा नावे ठेवू तरी कोणत्या तोंडाने?

पण तुला एक विचारायचे आहे. मासळीच्या वारी ती एकच बांगडा आणते, त्याचे तिखट तिकले करते, मला वाढते आणि स्वतः घेत नाही. विचारले तर म्हणाली, “आमच्या म्हायराक बुधवारी बायकांका मासळी चलना नाय.”

“आणि शुक्रवारी?”

“शुक्रवार देवीचो.”

“आयतवार तरी?”

“आयतवारी माका ढेकर येतत. तुमी गप जेवा बघू!”

अर्धा तुकडा तिच्या ताटात टाकला, तर सकाळी न्याहारीला तोच माझ्यापुढे.

पंचांग चाळले, असे व्रत नाही. असेल तुमचा कुळाचार, म्हणून सोडून दिले. मग आठवले. तुमच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तो बुधवारच होता, आणि तुम्ही दोघी बहिणी कोळंबीच्या शेवटच्या वाटीवरून माझ्यादेखत भांडलात.

आज जेवून पाणी घ्यायला आत गेलो. तिने तिकल्याच्या रिकाम्या टोपात पेज ओतली होती. ती हलवून उभ्यानेच पीत होती. मला पाहून म्हणाली, “टोप धुतंय.”

परवा तुळशीपाशी घेरी येऊन बसली. डॉक्टरकडे चल म्हटले, तर “पैसे वर इलेत?”

तू ये. येताना काही आणू नकोस, ती लगेच ओळखेल. बुधवारी ये, तिच्याबरोबर पानावर बस आणि अशी रीत तुमच्याकडे नाही, हे तिच्या तोंडावर सांग. मी सांगितले तर तो एक बांगडाही बंद होईल.

व्याकरण पुरे झाले. तुझी ताई उपाशी राहते आहे, भार्गवी. रोज. ती एक दिवस उठणार नाही, अशी मला भीती वाटते.

आजही पोटभर जेवलेला,
तुझा भावोजी
दत्तप्रसाद