जेवली का तुझी बुरशी?

दादा,

फोनवर म्हणालास, "आई अंथरुणाला खिळलीय आणि तू कसली बुरशी पाळत बसलीस? सोड ती नोकरी." नाही सोडणार. दिवसभर तिच्याजवळ मावशी असते. तुला एवढी काळजी असेल तर तू ये, तिच्या उशाशी दुसरी खुर्ची रिकामीच आहे.

आणि बुरशीला नावं ठेवू नकोस. आमच्या प्रयोगशाळेतला एका झाडाच्या सालीचा अर्क कॅन्सरच्या पेशी मारतो, पण चांगल्या पेशींनाही सोडत नाही. म्हणून तो आम्ही बुरशीला थेंबाथेंबाने भरवतो. जगायचं तर तिला ते विष बदलावंच लागतं. आजवरच्या सगळ्या बुरश्या मेल्या. ही तगली. तिने बदललेल्या अर्कात कॅन्सरच्या पेशी मेल्या, चांगल्या बऱ्याचशा वाचल्या. आजच कळलं.

याचं औषध झालंच तर कैक वर्षांनी. आपल्याला ते मिळणार नाही, हे आईला ठाऊक आहे. तिला स्वतःला घास उतरत नाही, तरी मी दारात आले की विचारते, "जेवली का गं तुझी बुरशी?"

आज पहिल्यांदा म्हणाले, "जेवली."

"मग उद्या रजा टाकू नकोस," आई म्हणाली, "उपाशी राहील ती."

हे पत्र पाठवत नाही. तू आलास की तोंडावर सांगते.

उद्या कामावर जाणारी,
तुझी बहीण