नऊशे ग्रॅमचा सूड

३ तारीख, सकाळी
वही नातीची. अर्धी कोरी होती, वाया कशाला घालवायची? शाळा माझी दुसरीतच सुटली, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ विचारू नये. विचारणार तरी कोण? वाचणारी मीच.

तर संकल्प. समोरच्या दारातल्या बाईचं नाक कापायचं. गेल्या वर्षी सॉफ्टबॉलच्या मॅचला तिच्या नातीनं, वेणीनं, आमच्या छबडीला तीनदा आउट केलं. वर ही बया चारचौघांत म्हणाली, तुमची नात बॅट फिरवते की माश्या हाकलते? मी हसले. दात बाहेर, आग आत. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते मी, पण हे नाही विसरले.

५ तारीख
कारण सापडलं! छबडीची बॅट पिठाच्या काट्यावर ठेवली. साडेसहाशे ग्रॅम. माझा बत्ता याहून जड. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत धोपटणं चालवलंय मी. हलक्या धोपटण्यानं डागसुद्धा हलत नाही, बॉल काय हलणार?

८ तारीख
कोचना गाठलं. म्हणाले, आजी, बॉल गोळीसारखा येतो, बॅट वेळेवर पोचली पाहिजे. एका हातानं बॅट सरळ समोर धरायची, वीस मोजायचे. त्याआधी हात खाली आला तर ती बॅट जड. माणूस चांगला आहे. पण शर्टाची कॉलर बघितली, धुण्यातलं काही कळत नाही.

९ तारीख
नवी बॅट आणली. नऊशे ग्रॅम! दुकानदार म्हणाला, ही दणकट बायांची. म्हटलं, मग हीच. गच्चीत गादीवर चालवून पाहिली. समोरचीचं तोंड आठवून एक हाणला. धुळीनं शेजारी खोकायला लागले. इतकं बरं वाटलं की आणखी अकरा हाणले.

१२ तारीख
छबडीनं बॅट धरून मोजलं. नवावरच हात खाली. म्हटलं, तू फार हळू मोजतेस. ती म्हणाली, आजी, ही फिरवेपर्यंत बॉल निघूनच जातो गं. रविवारी मोठ्या टीमसाठी निवड आहे, एकच जागा, जुन्याच बॅटनं खेळू का? डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं असावं.

१४ तारीख, शनिवार
आज तर सोन्याचा दिवस! समोरची जिन्यात रडवेली. वेणीची बॅट तडकली, उद्या पोरीनं काय करावं म्हणे. मी घरात गेले, छबडीची जुनी बॅट आणली आणि तोंडात साखर घोळवत म्हटलं, घ्या हो, आपलीच नात. मनात म्हटलं, हाकल म्हणावं आता माश्या! स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसले. तेवढ्यात दूध उतू गेलं. गेलं तर गेलं.

१५ तारीख, दुपारी
सकाळी छबडी जुनी बॅट शोधत होती. म्हटलं, जुनं ते जाऊ दे.
मैदानात ती तीनदा उभी राहिली. तिन्ही वेळा बॉल आधी मागच्या कॅचरच्या हातात जाऊन बसला, मग आमची बॅट आली. वेणीनं जुन्या बॅटनं पहिलाच बॉल कुंपणापार घातला. जागा तिला मिळाली.
समोरची माईकवर गेली. म्हणाली, हे सगळं आमच्या समोरच्या आजींमुळे. लोकांनी मला उभं करून टाळ्या वाजवल्या. छबडीनं नाही वाजवल्या. तिनं बॅट ओळखली होती.

१६ तारीख
संध्याकाळी छबडीनं नवी बॅट माझ्या हातात दिली. म्हणाली, धर सरळ, मी मोजते. सहावरच पडली, माझ्या अंगठ्यावर. पोरगी फारच हळू मोजते, मी म्हटलंच होतं.
समोरची मलम घेऊन आली. जुनी बॅट परत मागावी म्हणून मी तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, वेणी ती बॅट उशाशी घेऊन झोपते हो, तुमचा आशीर्वाद म्हणून. मी हसले.
ती गेल्यावर गादी धोपटायला घेतली. हातच वर जाईना.