बाहेरगावचा हंडा

पेण, खारेपाट
मंगळवार, न्याहारीनंतर

ती. हौसाताईच्या पायांवर धाकट्या मोरूचं डोकं. (ते इतक्यात उचलू नकोस. पत्र संपेपर्यंत तिथंच राहू दे. का, ते पुढे कळेल.)

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली फळीवर शोभेला ठेवली आहेस? वालाला यंदा शेंग कशी धरली? इकडे आम्ही सर्व खुशाल. तुझ्या भावजयीची पाठ दुखते, पण ती मी घरात असलो की दुखते. दोन महिने मी परदेशात होतो तेव्हा एकदाही दुखली नाही, असं शेजारी सांगतात. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. ताई, आजवर तुझ्याशी फोनवर बोलताना माझं एकही वाक्य पूर्ण झालेलं नाही. तू बोलतेस, मी 'व्हय, व्हय' म्हणतो, आणि मग तू म्हणतेस, 'ठेव आता, कामं हायत.' आजचं सांगणं मधे तोडण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र आमचे जावई हरेशराव यांच्या हाती देतोय. रोह्याच्या कंपनीत त्यांची सेकंड शिफ्ट आहे, वाटेत निडीला उतरतील. त्यांना चहा दे. तू वाचत असताना ते समोर बसून राहतील, तसं मीच सांगितलंय. काही झालं तरी त्यांच्यावर ओरडू नकोस. जावई आहेत.

मुख्य बातमी आधी देतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. तुझा विशाल परवाच माझ्याबरोबर सुखरूप उतरला. (आम्ही शुक्रवारी येणार, असं तुला फोनवर मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं.) तो माझ्या घरी आहे, तब्येत ठणठणीत, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. फक्त निडीला यायला घाबरतोय. कोणाला, ते तुला सांगायला नको. का, ते सांगायलाच मी बसलोय, पण त्याला थोडी प्रस्तावना लागेल, आणि ती तू गाळू नयेस अशी विनंती आहे.

तू म्हणालीस, मला काय विमानात बसवत नाय, तू जा न्यूझीलंडला आणि पोर कसं ऱ्हातंय ते डोळ्यांनी बघून ये. तर बघून आलो. पोर नीट राहतं. भात स्वतः लावतं, भांडी स्वतः घासतं (हे त्याच्या होणाऱ्या बायकोला आधी सांगू नये, तिलाच कळू दे). तुझे पोह्याचे पापड तो कपड्यांच्या कपाटात ठेवतो, कारण स्वयंपाकघरात ठेवले की मित्र संपवतात. त्याच्या सगळ्या शर्टांना हिंगाचा वास येतो. देश स्वच्छ आहे, गाई आपल्यापेक्षा धष्टपुष्ट आहेत आणि माणसांना रांगेची भारी हौस. दोन माणसं असली तरी रांग लागते. एकटाच असला तर तोही जरा सरळ उभा राहतो. मला तर तिथं फार करमलं.

करमणारच, कारण रांग हा माझाच विषय. उन्हाळ्यात आपल्या गावात टँकर येतो, त्या रांगेची जबाबदारी गेली एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक आहेच. मिठागराचं काम सुटल्यावर गावानं मला एकमतानं दिलेलं हे एकच पद (दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं, हा भाग वेगळा). आपल्याकडे हंडा रांगेत आणि माणूस घरी, अशी पद्धत. दोनशे हंड्यांत कुठला कोणाचा ते मी डोळे मिटून सांगेन: पोचा कुठं आहे, काठ कुठं दुमडलाय, नाव कुठल्या रंगानं घातलंय. आणि बाहेरगावचा हंडा तर मला लांबूनच कळतो. पलीकडच्या पाड्यावरून कोणी गुपचूप आणून मधे सरकवला, की मी तो उचलतो आणि बांधावर नेऊन उपडा ठेवतो. शिवी नाही, भांडण नाही. पाणी आपल्या गावासाठी आलंय, रांग आपल्या गावाची, एवढंच माझं म्हणणं असतं. या कामात मी आजवर एकदाही चुकलेलो नाही, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

आता परवाचं ऐक. विमानातून उतरलो तर मोठ्या हॉलमध्ये दोन पाट्या. एकीकडे भारतीय पासपोर्टवाले, दुसरीकडे परदेशी. आपली रांग ही लांब, नागासारखी वळणं घेत गेलेली. विशाल म्हणाला, 'मामा, तू हो पुढं, मी येतो मागनं.' पण माझी पिशवी त्याच्या खांद्यावर, माझा चष्मा त्याच्या खिशात, मला कागदावरचं काही दिसेना. मी हात धरून त्याला माझ्या मागेच उभा केला. आणि पुढे बघतो तर काय, आपल्या भारतीयांच्या रांगेत, माझ्यापुढे चार माणसं सोडून, एक बाई. सोनेरी केस, निळे डोळे, पाठीवर घागरीएवढी पिशवी, उंची समाजमंदिराच्या दाराएवढी. ताई, माझे हात शिवशिवायला लागले. एकोणीस वर्षांची सवय. त्यात बाईला उचलून बांधावर उपडी ठेवता येत नाही.

विशाल माझा शर्ट ओढत होता. 'मामा, सोड ना. आपल्याला काय करायचाय?' मला वाटलं, तिकडे राहून पोर मऊ झालंय. मी तिथल्या साहेबाला हाक मारली. तरुण होता बिचारा, रात्रपाळी करून डोळे तांबारलेले. म्हणाला, काका, होतंय, पुढे सरका. मग मात्र मी रांगेकडे तोंड करून बोललो. बोललो म्हणजे काय, भाषणच केलं. आपल्याच देशात आपल्याला दोन तास उभं करायचं आणि परक्यांनी मधे घुसायचं. यांच्या देशात आपण असं घुसलो तर चालेल का. पाटी कशाला लावली, शोभेला? लोक 'बरोबर, बरोबर' म्हणायला लागले. मागून कोणी टाळीही वाजवली. खोटं कशाला सांगू, मला मजा आली. ग्रामसभेत आजवर मला कोणी माईक दिला नाही, इथं माईकशिवाय तीनशे लोक ऐकत होते. शेवटी साहेब कंटाळून म्हणाला, ठीक आहे, या रांगेतल्या सगळ्यांनी पासपोर्ट हातात धरा, बघतो एकेकाचा.

त्या सोनेरी बाईनं शांतपणे पिशवीतून पासपोर्ट काढला. निळा. वर तीन सिंह. आणि माझ्याकडे वळून, आपल्यापेक्षा शुद्ध मराठीत म्हणाली, 'काका, या पुस्तकासाठी मी बारा वर्षं थांबले आहे. आता तरी रांगेत उभं राहू द्या.' रांग खदखदून हसली. (बाई गेली कित्येक वर्षं साताऱ्याकडे शाळा चालवते म्हणे. माझा हंड्याचा अंदाज असा कधी चुकला नव्हता.) मी तेव्हाच गप्प बसायचं. पण तीनशे लोकांपुढे कसा बसणार? मी म्हणालो, ही असेल आपली, पण बाकीचे बघा ना! साहेब बाकीचे बघत बघत आला. माझा बघितला. मग माझ्या मागे हात पुढे केला.

विशालचा पासपोर्ट काळा होता. काळा कुळकुळीत, वर चंदेरी पान. मला वाटलं, कव्हर घातलंय. साहेबानं उघडला आणि मोठ्यानं वाचला. नागरिकत्व, न्यूझीलंड. जन्मस्थळ, रोहा. ताई, त्या अख्ख्या रांगेत परका सापडला तो एकच. रांगेत आता कोणी हसत नव्हतं. मघाशी टाळी वाजवणारा म्हणाला, हेच ते, बाहेर काढा याला. साहेबानं त्याला परदेशींच्या रांगेत पाठवलं आणि मी तासभर बाहेर सामानाजवळ बसून राहिलो.

येताना जिते गावाजवळ चहाला थांबलो तेव्हा तो बोलला. दर दोन वर्षांनी तिकडे राहायचे कागद नवे करायचे, कंपनी बंद पडली की चाळीस दिवसांत दुसरी शोधा नाहीतर परत जा, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ती पाळी नको म्हणून गेल्या श्रावणात त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं. दोन देशांचे पासपोर्ट आपलं सरकार ठेवू देत नाही, तेव्हा निळा परत करावा लागला. शपथ घेतली त्या दिवशी त्यानं तुला भरदुपारी फोन केला होता. सांगायलाच केला होता. आधी विचारलं, आये, काय रांधलंस? तू म्हणालीस, वालाचं बिरडं, आणि म्हणालीस, ठेव आता, कामं हायत. त्यानं ठेवला.

तो का घाबरतो ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. शेजारच्या विमलबाईच्या मितेशनं परदेशी नागरिकत्व घेतलं तेव्हा तू भर हळदीकुंकवात तिला काय सुनावलंस, ते इकडे पेणपर्यंत ऐकू आलं होतं. 'पोर परक्याला देऊन बसलीस गो! माझ्या विशालनं असं केलान तर उंबरा चढू देनार नाय.' वर मतदारयादीत विशालचं नाव राहावं म्हणून तू दर निवडणुकीला यादी तपासायला येणाऱ्या मास्तरांशी भांडतेस. तो येतोच आहे कायमचा, असं साऱ्या निडीला सांगून ठेवलंयस. ते सगळं त्याला माहीत आहे, आणि तू बोललेलं मागे घेत नाहीस हेही.

पण एक विचार करून बघ. तू लग्न होऊन निडीची झालीस तेव्हा रेशनकार्डातून नाव कापून नेलंस, आडनाव बदललंस, आपल्या गावची मतदारसुद्धा राहिली नाहीस. कागदावर आमच्यासाठी तू बाहेरगावची. तरी उन्हाळ्यात माहेरी आलीस की रांगेत तुझा हंडा मी सगळ्यात पुढे लावतो आणि कोणाची बोलायची हिंमत नसते, कारण माहेरवाशिणीचा हंडा गावचाच धरायचा, हा आपला जुना नियम आहे. मुलींना लावतो तो नियम मुलाला का नको? मला हे चहाच्या टपरीवरच सुचलं. दोन तास आधी सुचलं असतं तर बरं होतं.

तुझं दुखलं असेल तर मला बोल, पोराला नको. आमच्या घरातल्या लहानथोरांचे नमस्कार-आशीर्वाद, जे काही असेल ते तुला.

तुझा,
मोरू

ता. क. येत्या रविवारी तू पेणला ये. मी एस.टी. स्टँडवर उभा राहतो, आपण घरी जाऊ, तुम्ही मायलेकरं बोला. तोवर तो माझ्याकडेच राहील. तू फक्त एक फोन कर आणि 'ये' म्हण. जास्त काही बोलू नकोस.

दुसरा ता. क. विमलबाईकडे एकदा जाऊन ये. थोड्या शेंगा ने. माफी माग, असं मी म्हणत नाही (तुला सांगणारा मी कोण?), नुसती जाऊन बस. परदेशी झालेल्या आपल्या पोरांना सरकार कसलंसं कार्ड देतं, मितेशनं ते काढलंय. विशालला काढायचंय. तिला सगळे कागद पाठ आहेत.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. हरेशराव बाहेर बूट घालतायत आणि विशाल बॅग घेऊन त्यांच्याबरोबर निघालाय. तो घाबरलाय असं मी वर लिहिलं, ते खरं नाही. तो परवाच तुझ्याकडे यायला निघाला होता, मीच आज-उद्या करून अडवून ठेवला. घाबरलोय तो मी. जाताना विमान बदलतात तिथपर्यंत विशाल मला घ्यायला आला होता. आम्ही तिकडे पोचलो त्या दिवशी परक्यांची रांग दाराबाहेर गेली होती आणि माझे पाय सुजले होते, तर विशालनं मला आपल्याबरोबर दुसऱ्या रांगेत घेतलं (ती त्यांच्या नागरिकांची, हे मला परवा कळलं). तिथल्या बाईनं विचारलं, हे कोण, तर म्हणाला, माझा मामा. तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि बसायला खुर्ची आणून दिली. आणि आपल्याकडे साहेबानं मला विचारलं, 'काका, हा तुमच्याबरोबर आहे का?' सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, 'नाय. मी वलखत नाय त्याला.' विशालनं ऐकलं. खांद्यावरची माझी पिशवी काढून माझ्या पायाशी ठेवली, खिशातला चष्मा तिच्यावर ठेवला आणि एकटा दुसऱ्या रांगेत गेला. घरी आल्यापासून त्यानं त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही, तुझ्याकडेही काढणार नाही. तू त्याला माझ्यासाठी एवढंच विचार, की मामा निडीला आला तर चालेल का. मी त्याला म्हटलं, आये पत्र वाचून होईपर्यंत बाहेर थांब. एवढं लांबण लावून बसलो, आणि पोर तिकडे उन्हात उभं असेल. दार उघड, ताई.