झोळी आणू नका

विचुंबे, पनवेल
रविवार

ती. बाबांना गोरखचा नमस्कार. साळू, हे सावकाश वाचून दाखव.

आईच्या हाडांचा रिपोर्ट आला. मी तीनदा वाचला, मग डॉक्टरांकडूनही वाचून घेतला. हाडे आणखी झिजली नाहीत, उलट थोडी भरली आहेत! गोळ्या पोटाला सोसेनात, म्हणून वर्षभर खाणे आणि व्यायाम करून पाहू, असे डॉक्टरच म्हणाले होते.

रोज नाचणीची भाकरी, सुकट, सकाळचे ऊन. शिवाय मी पहारा करतो त्या गेटचा कठडा धरून एका पायावर उभे राहायचे. आईला सेकंद मोजता येत नाहीत, म्हणून तीन गाड्या बाहेर पडेपर्यंत एक पाय, मग दुसरा. रविवारी गाड्या निघतच नाहीत, तेव्हा मी मोजतो. सोसायटीतल्या वसुंधराबाई हसल्या, "मावशी, तप करता का?" आई म्हणाली, "तप नाय बाई, हाडांना कामाला लावलंय." आता त्याही शेजारी उभ्या राहतात.

तुमचा खोकला कसा आहे?

शनिवारी आम्ही येतो. गेल्या वर्षी आईला झोळीतून खाली आणले होते. या वेळी झोळी आणू नका. पाड्याची चढण ती स्वतःच्या पायांनी चढणार आहे. तुम्ही फक्त तिच्या मागे चाला, तिला कळू न देता.

तुमचा,
गोरख