माझ्या देखरेखीखाली काकांची चांदी

सोमवार, ४ मार्च. सकाळी.
आजपासून दुसऱ्यांच्या भानगडीत पडायचं नाही. फायनल. लेकीला फोन करून सांगितलं, तर ती हसतच सुटली. हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेल्या बाईला घरात काडीची किंमत नाही.

दुपारी.
वरच्या मजल्यावरच्या काकांची जुनी चांदीची नाणी मी विकून देणार आहे. ही भानगड नव्हे, ड्यूटी आहे. माणूस पंच्याऐंशीचा, एकटा, ठार बहिरा. जन्मभर बोटीवर इंजिनं सांभाळली, त्यात कान गेले. बंदरांवर नाणी मात्र जमवली. आता ती विकून कानाचं चांगलं मशीन घ्यायचंय. लांब राहणाऱ्या नातवाची मुलगी नुकती बोलायला लागलीय. ती व्हिडिओ कॉलवर बडबडते, आणि हे बिचारे तिच्या ओठांकडे बघत नुसतं हो हो करतात.
काका म्हणाले, तुम्ही कशाला त्रास घेता बाई, मी बघतो की. किती भिडस्त!
एक डबा ताब्यात घेतला. बाकीचे त्यांच्या ट्रंकेत आहेत.

बुधवार, ६ मार्च.
चौकातल्या नाणेवाल्याकडे गेलो. काकांचाच चॉइस. दुकान काडेपेटीएवढं. हा माणूस हातमोजे घालून, डोळ्याला भिंग लावून एकेक नाणं कडेनं उचलतो. म्हणाला, माल छान आहे, आहे तसाच ठेवा, बाकीचाही आणा, दोन दिवसांत प्रत्येक नाण्याचा वेगळा भाव सांगतो. हवं तर आणखी चार ठिकाणी विचारा. मी विचारलं, चांदी ती चांदी, त्यात विचार कसला करायचा? तर मला म्हणतो, बाई, जरा हळू बोलता का, दुकान लहान आहे.
चोर! आहे तसाच ठेवा म्हणे. म्हणजे काळपट दिसेल आणि याला भाव पाडता येईल. मी काय दुधखुळी आहे?
काकांना जिन्यात ओरडून सावध केलं. तळमजल्यावरचे दार उघडून बाहेर आले. छान, तेही सावध झाले.

शुक्रवार, ८ मार्च.
गिऱ्हाईक आधी रूप बघतं. कॉन्व्हेंटमध्ये शाळेचे कप आम्हीच घासायचो, आणि कपात आपला चेहरा दिसेपर्यंत सिस्टर हलू द्यायच्या नाहीत. तेच ट्रेनिंग आज कामी आलं. लिंबू, टूथपेस्ट, जुना ब्रश. अख्खा डबा लखलखतोय! एका राजाचं नाक अवाच्या सवा मोठं होतं, घासल्यावर बेताचं झालं. आता देखणा दिसतो.
काका खाली आले. टेबलाकडे पाहिलं आणि चपलांच्या स्टँडवरच बसले. आनंद झेपला नसावा. पाणी दिलं. बाकीचे डबे उद्या पाठवा म्हटलं, तर म्हणाले, बाकीचे नाहीतच. वय झालं की असं विसरायला होतं.

सोमवार, ११ मार्च.
मोठ्या ज्वेलरकडे गेले, एकटीच. एसी, सोफा, कॉफी. त्यानं सगळी नाणी ओंजळीनं तराजूत ओतली. वितळवायच्या चांदीचा भाव देतो म्हणाला! मी सुनावलं, अहो, यात इतिहास आहे. तर म्हणे, होता बाई, तो तुम्ही घासून काढलात.
आणखी दोन दुकानं केली. सगळ्यांचं तेच पालुपद. ही मंडळी आतून एक आहेत.

मंगळवार, १२ मार्च.
माझं काही चुकलं असं नाही. पण काकांच्या मशीनचं काय? जेवण गेलं नाही. उद्या माझा कॉन्व्हेंटमध्ये मिळालेला वक्तृत्वाचा सिल्व्हर कप विकून भर घालीन. कुणाला कळता कामा नये.

बुधवार, १३ मार्च.
ज्वेलरचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून चौकातल्या चोराकडेच गेले. आत काका! समोर उघडी ट्रंक, डबेच डबे, सगळी नाणी काळीकुट्ट. प्रत्येकासमोर भावाची चिठ्ठी. काका म्हणाले, चार ठिकाणी विचारून आलो, हाच माणूस सरळ आहे. माझ्या घासलेल्या डब्याबद्दल म्हणाले, असू द्या बाई, त्यात साधीच होती, तुमचा वेळ जावा म्हणून दिली होती. विनोदी स्वभाव आहे.
कप पुढे केला. नाणेवाल्यानं भिंग लावलं, मग अगदी हळुवारपणे परत दिला. पितळ. वर मुलामा. सिस्टर असं करणार नाहीत, दुकानदारानं फसवलं असणार त्यांना.
एकूण काय, भाव चोख मिळाला. त्या दिवशी मी आवाज चढवला नसता तर मिळाला असता का?

शनिवार, २३ मार्च.
मशीन आलं! काकांनी आवर्जून वर बोलावलं. चिमुरडी स्क्रीनवर काहीबाही बडबडत होती आणि काका डोळे पुसत तिचा शब्द न् शब्द मला पुन्हा सांगत होते. माझं मिशन सक्सेसफुल.
कॉल संपल्यावर मी विक्रीची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला घेतली. काकांचा हात अदबीनं कानामागे गेला, काहीतरी टिक् वाजलं, आणि ते माझ्या ओठांकडे बघत, गालातल्या गालात हसत, हो हो म्हणत राहिले. तासभर.
इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. उद्या पुन्हा जाईन.