फिल्मखालचा अंगठा

प्रिय दादा,

"मी परत येईपर्यंत गिटारवरची ही प्लॅस्टिकची फिल्म काढायची नाही हां गो, कोपरासुद्धा उचलायचा नाही!" गिटार घरी ठेवून तू पुन्हा बोटीवर निघालास, तेव्हा पायरीवर उभा राहून म्हणाला होतास. सोळा वर्षं मी ते पाळलं. या आठवड्यात मोडलं, म्हणून लिहितेय.

तुझी मुग्धा रविवारी गिटार पुण्याला नेतेय. तारा छेडल्या की खालच्या पांढऱ्या पट्टीवरची अर्धवट सुटलेली फिल्म थरथरते. प्रत्येक सुराखाली कुणीतरी दातांतून श्वास घेतंय, असं वाटतं. "आत्या, एवढी काढून दे ना," ती म्हणाली. अगदी तुझ्यासारखी, मान न वळवता.

गंमत म्हणजे गिटार मुळात जुनीच! बोटीवरच्या सोबत्याकडून घेतलेली. त्यानेही फिल्म काढली नव्हती. आणि आपल्या घरी तरी काय? रिमोट पिशवीत, पंख्याच्या पात्यांना प्लॅस्टिक, तू आणलेला डिनर सेट अजून खोक्यात. आई म्हणायची, "खारी हवा खाईल रे सगळं." वापरायचं कधी, ते कुणी विचारलंच नाही.

तारा काढल्या, पट्टीचे स्क्रू सैल केले, कडेला दबलेली फिल्म मोकळी केली. केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली, खोबरेल तेलाचा बोळा फिरवला. कपचे कपचे निघत गेले. आणि एका कोपऱ्यात तुझा अंगठा सापडला.

फिल्मखालच्या चिकट्यात उमटलेला ठसा, मधून तिरकी रेघ. खडकावरची कालवं फोडताना कापला होता ना, तोच! म्हणजे कोपरा तूच उचलून पाहिला होतास, लबाडा! आणि दटावलंस मला?

तेवढ्याच जागेवरची फिल्म सुटत नाही. मंगळवारी दुपारी नखभर सोडवली, चहा टाकून आले तर पुन्हा बसलेली. बुधवारीही तेच. वहिनी म्हणाली, "दमट हवा आहे, प्लॅस्टिक चिकटतंच परत." मुग्धा हसली, "आत्या, बाबा धरून बसलाय." मग कुणीच हसलं नाही.

आज सकाळी कोपऱ्याखाली कागद सरकवून ठेवला. खिडक्या बंद होत्या. जेवून आले तर कागद जमिनीवर, फिल्म सपाट. ठशाच्या आतून दव धरलेलं. कडेला आलेला थेंब मी बोटाने टिपला, जिभेला लावला. खारट. हवा खारटच असते इथली, होय ना?

एक सांगू? त्या खेपेहून तुला पेटीतून घरी आणलं तेव्हा मी तुझं तोंड पाहिलं नाही. सगळे हाका मारत होते, मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालत राहिले. जे पाहिलं नाही ते झालंच नाही, असं मानलं. अजूनही दाराची कडी वाजली की मी आधी गिटारकडे बघते. तूच सांगितलं होतंस ना, येईपर्यंत म्हणून! तुला असं टांगून मीच ठेवलंय का रे?

आता नाही. पट्टी पुसून, नव्या तारा लावून ती मुग्धाच्या हातात देईन. वाजवू दे, ओरखडे पडू देत. पुन्हा कशावरही प्लॅस्टिक घालणार नाही, शब्द देते.

फक्त तेवढा अंगठा उचल. लहानपणी मुठीतला आवळासुद्धा सोडला नाहीस कधी, आत्ताही सोडणार नाहीस, ठाऊक आहे. तरी मागतेय. उचल ना रे.

तुझी,
बाळी