आप्पांनी रंगवलेला शिपाई

अण्णा,

आप्पांना हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेलेय. आमटी गरम करून घे.

तुझ्या लढाईच्या खेळातला, तू अर्धवट रंगवून ठेवलेला तो बोटाएवढा शिपाई बिघडलाय. काल आप्पा आपणहून तुझ्या टेबलाशी बसले आणि उजव्या हातात ब्रश धरला. अंगरख्याचा लाल रंग पार तोंडावर गेला. मी अडवलं न्हाय. लकव्यानं विणकामाचा माग सुटल्यापासून त्यांनी त्या हातात चमचासुद्धा धरला नव्हता.

तो पुसून परत रंगवू नकोस, रं. लई दमलेय मी, आज तुमचं भांडण नको. संध्याकाळी दोस्त खेळायला आले की तोच पुढं ठेव.

"विनोद रागावंल काय गं?" असं तुझ्याबद्दल सकाळपासून विचारतायत. तूच सांग त्यांना.

रक्षा